लेझर करायचं का? आधी मोजपट्टी आणा

आखणीला बसताना माझे बाबा चष्मा काढून बाजूला ठेवतात. वय 66, नंबर मायनस साडेचार. पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे. साचा भरणं, घासकाम, रंगकाम याला माणसं आहेत, पण डोळ्यांची आखणी बाबा करतात आणि गेली चौदा वर्षं मीही करते. मूर्ती डाव्या हाताने जवळ ओढायची, उजव्या हाताची करंगळी तिच्या गालावर टेकवायची, तीन झिरोचा ब्रश काळ्या रंगात बुडवून त्याचं टोक बोटावर फिरवून घ्यायचं आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची. मध्ये हात अडखळला की रेघेत ते दिसतंच.

आमच्याकडे बाबांच्याच वयाचे एक काका आहेत. तरुणपणी त्यांना कधी चष्मा लागला नाही. हायवेवरून येणाऱ्या एसटीची पाटी ते आजही माझ्याआधी वाचतात. पण आखणी त्यांनी सेहेचाळिसाव्या वर्षी सोडली. जवळचं दिसेना, आणि चाळिशीच्या चष्म्यातून रेघेचा अंदाज येईना. आता ते पितांबर आणि दागिन्यांचं रंगकाम बघतात. चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेझरचा निर्णय घेताना या दोन माणसांना एकाच बाकावर काम करताना पाहण्याचा मला जेवढा उपयोग झाला, तेवढा कुठल्याही माहितीपत्रकाचा झाला नाही.

माझं वय 37. उजवा डोळा मायनस पावणेपाच, डावा मायनस सव्वाचार. नववीपासून चष्मा आहे. गेल्या वर्षी विसर्जन झालं आणि मी मनाशी ठरवलं की या खेपेला लेझरचा सोक्षमोक्ष लावायचा. त्यात चार महिने गेले. माझ्या चुलतभावानेही तेव्हाच तपासण्या करून घेतल्या. तो भिंतीवरची चित्रं रंगवतो, शाळांच्या, सोसायट्यांच्या. त्याने लेझर केलं, मी केलं नाही, आणि दोघांचंही बरोबर झालं असं मला वाटतं. मी डॉक्टर नाही. हात आणि डोळे यांवर ज्याचं पोट आहे अशा माणसाने डॉक्टरांकडे जाण्याआधी काय तपासावं आणि गेल्यावर काय विचारावं, एवढंच इथे सांगते.

अंतर मोजा

लोक विचारतात, नंबर किती? चित्रकाराने स्वतःला आधी विचारायचं, मी दिवसभर किती अंतरावर बघते? शिंप्याची मोजपट्टी घ्या आणि पंधरा दिवस डोळ्यापासून कामापर्यंतचं अंतर वहीत लिहा. मोजायचं काम दुसऱ्याला सांगा, कारण आपण स्वतः मोजायला गेलो की ताठ होऊन बसतो.

माझी वही अशी निघाली. आखणी 20 ते 22 सेंटिमीटर. मुकुटावरचं सोनेरी काम 25 ते 28. पावसाळा संपल्यावर मी जलरंगात निसर्गचित्रं करते, तो कागद 50 सेंटिमीटरवर. शनिवार-रविवार एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या मुलांना शिकवते, तेव्हा फळा आणि मुलांचे कागद. लांबचं म्हणाल तर स्कूटर आणि बाजार. हंगामात दिवसाचे आठ-नऊ तास काम चालतं, त्यातले साडेपाच तास मी 30 सेंटिमीटरच्या आत असते.

आता एक सोपा हिशेब. 100 ला तुमच्या मायनस नंबराने भागा. जे उत्तर येईल तेवढ्या सेंटिमीटरवर तुमचा डोळा चष्म्याशिवाय, काहीही ताण न घेता, स्वच्छ बघतो. पावणेपाचला 21. पाचला 20. दोनला 50. सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईसाठी दिलेला वेगळा नंबर, जास्त असेल तर हे इतकं नेमकं बसत नाही, पण अंदाज येतो. माझं 21 आलं तेव्हा मी वहीतलं पहिलं पान परत उघडून पाहिलं. चौदा वर्षं मी चष्मा कपाळावर सरकवून ज्या अंतरावर आखणी करत होते, ते अंतर माझ्या नंबरानेच ठरवून दिलं होतं.

लेझरने लांबचं स्वच्छ झालं की हे 21 सेंटिमीटर फुकट मिळत नाहीत. तिथे बघायला डोळ्याच्या आतल्या भिंगाला जोर लावून फुगावं लागतं. विशीत ते सहज फुगतं. वयाबरोबर ते कडक होत जातं आणि पंचेचाळिशीपर्यंत जवळजवळ सगळ्यांनाच जाणवतं, तीच आपली चाळिशी. लेझर डोळ्याच्या सगळ्यात पुढच्या काचेवर, म्हणजे कॉर्नियावर चालतं. आतल्या भिंगाच्या कडकपणाला ते हात लावत नाही. म्हणून चाळिशी लेझर केलेल्यालाही लागते आणि न केलेल्यालाही. फरक एवढाच की मायनस नंबरवाला चष्मा काढून जवळचं बघू शकतो. बाबा आणि काका यांच्यातला फरक हाच.

वय पंचविशीच्या आसपास असेल आणि काम हाताच्या अंतरावर किंवा त्याहून लांब असेल, तर या हिशेबाने घाबरून जायचं कारण नाही. पस्तिशी ओलांडली असेल आणि काम बारीक असेल, तर हा हिशेब पाठ करून ठेवा.

चष्मा काय देतो आणि काय घेतो

मायनसचा चष्मा सगळं थोडं लहान करून दाखवतो. माझ्या नंबराला साधारण पाच टक्के. काचेच्या कडेतून बघितलं की सरळ रेघा किंचित वाकतात आणि कडांना रंगाची बारीक झालर दिसते. घरांची, देवळांची चित्रं करणाऱ्याला हे चांगलंच ठाऊक असतं, तो मान वळवून काचेच्या मध्यातूनच बघायची सवय लावून घेतो. लेझरनंतर हे सगळं जातं, आणि हा फायदा लहान नाही. शिवाय कोकणातला मे महिना, तोंडाला मास्क, काचेवर वाफ, त्यावर कॉम्प्रेसरच्या रंगाचे तुषार. माझ्या चष्म्याच्या काचा दर दीड वर्षाला खरडून निकामी होतात.

पण चष्मा काढता येणं ही चित्रकाराच्या हातातली एक सोयही आहे. चित्र लांब ठेवून चष्मा काढला की तपशील विरघळतात आणि उरतात ते मोठे काळे-पांढरे आकार. तोल कुठे ढळलाय ते तेव्हा लगेच कळतं. डोळे बारीक करून बघा असं कलाशिक्षक सगळ्या मुलांना शिकवतात. ज्यांना नंबर आहे त्यांना तेच फार सहज मिळतं. मी प्रत्येक निसर्गचित्र संपवायच्या आधी असं बघते. लेझरनंतर मला परत डोळे बारीक करायला शिकावं लागलं असतं. यामुळे कुणी निर्णय बदलू नये, पण काय सोडतोय ते माहीत असावं.

लेन्स लावून काम करून पाहा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची चाचणी ही आहे, आणि ती दवाखान्यात होत नाही. पूर्ण नंबराच्या कॉन्टॅक्ट लेन्स घ्या, एकदा वापरून टाकायच्या मिळतात त्या, आणि दोन आठवडे त्या लावून तुमचं रोजचं काम करा. लेझरनंतर तुमचा डोळा कुठे स्वच्छ बघेल आणि कुठे त्याला ताण पडेल, हे लेन्स जवळजवळ तसंच दाखवते. चष्म्यापेक्षा लेन्समध्ये जवळच्या कामाला मायनसवाल्याच्या डोळ्याला जास्त जोर लावावा लागतो. लेझरनंतरही तसंच होतं. फक्त धूळ, पीओपी आणि स्प्रे यांच्या जवळ लेन्स लावू नका. मी घरी, स्वच्छ टेबलावर, सहा इंचांच्या वाळलेल्या शाडूच्या मूर्ती घेऊन बसायचे.

पहिले दोन दिवस मी खूश होते. बाजारात, स्कूटरवर, आरशात सगळं लख्ख. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सलग बसले. पहिल्या तीन मूर्ती ठीक झाल्या. चाळिसेक मिनिटांनी चौथ्या मूर्तीची खालची पापणी आखताना ब्रशचं टोक आणि रेघ एकाच वेळी स्पष्ट दिसेनात. टोक दिसलं की रेघ पुसट, रेघ दिसली की टोक पुसट. मी मूर्ती नकळत लांब धरली. तीस सेंटिमीटरवर परत स्पष्ट झालं, पण तिथून मला बुबुळाच्या कडेचा तो केसाएवढा पांढरा ठिपका ठेवता येईना, आणि त्या ठिपक्यानेच मूर्ती बघायला लागते. कपाळ दुखायला लागलं. बाबांनी नुसतं पाहिलं आणि माझ्या हातातला ब्रश घेतला.

वहीत लिहून ठेवा, किती मिनिटांनी थकवा आला, किती अंतर मागे सरकावं लागलं. चुलतभावाने हेच केलं. दोन आठवड्यांत त्याच्या वहीत थकव्याची एकही नोंद नव्हती. तो 26 वर्षांचा, नंबर दोन्हीकडे मायनस सव्वातीन, काम हात लांब करून 60-70 सेंटिमीटरवर, आणि दर पंधरा मिनिटांनी वीस पावलं मागे जाऊन पूर्ण भिंत बघायची. परांचीवर घामाने चष्मा नाकावरून घसरतो, एक हात रंगाच्या डब्यात आणि एक दोरीला. चष्मा काढला तर त्याला 31 सेंटिमीटरच्या पलीकडे काहीच नीट दिसत नाही. त्याच्या कामात ते 31 सेंटिमीटर कुठेच उपयोगाचे नाहीत.

एक डोळा लांबचा आणि एक जवळचा ठेवण्याचीही पद्धत असते, मोनोव्हिजन म्हणतात. मला ती सुचवली गेली. तीही आधी लेन्स लावूनच बघा, कायमचं करून घेऊ नका. दोन डोळे मिळून खोलीचा जो अंदाज येतो तो यात कमी होतो. मी तीन दिवस लावली, तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय चुकायला लागला आणि ब्रश मूर्तीला टेकायच्या आधीच टेकला असं वाटायला लागलं. मूर्तिकाराने आणि कोरीवकाम करणाऱ्याने याचा विचार फार जपून करावा.

उजेड आणि करडे रंग

दवाखान्यात भिंतीवरचा तक्ता वाचून 6/6 आलं की काम फत्ते मानतात. तो तक्ता म्हणजे पांढऱ्यावर कुळकुळीत काळी अक्षरं. चित्रकार दिवसभर तसं काही बघत नाही. तो बघतो एका करड्याशेजारचा दुसरा करडा. या ताकदीला कॉन्ट्रास्ट सेन्सिटिव्हिटी म्हणतात आणि ती मोजायला वेगळा तक्ता असतो, पेली-रॉबसन नावाचा. त्यात सगळी अक्षरं एकाच आकाराची, पण खाली खाली फिकट होत जातात. तुमच्याकडे हा तक्ता आहे का, असं स्पष्ट विचारा. लेझरच्या आधीचा आकडा लिहून घ्या.

घरी याहून चांगली गोष्ट करता येते. पेन्स ग्रे किंवा कुठलाही एक काळपट जलरंग घ्या आणि कागदावर दहा पट्ट्या करा, पांढऱ्याच्या अगदी जवळच्या छटेपासून काळ्यापर्यंत. दुपारी खिडकीशी बघा, मग संध्याकाळी साडेसहाला दिवा न लावता बघा. कुठल्या दोन पट्ट्यांमधली सीमा आधी हरवते ते मागच्या बाजूला तारखेसह लिहा. भावाने लेझरआधी, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी हा कागद पाहिला. एका महिन्याने संध्याकाळच्या उजेडात फिकट बाजूच्या दोन पट्ट्या त्याला एकच दिसत होत्या. सहा महिन्यांनी परत वेगळ्या दिसायला लागल्या. दुपारच्या उजेडात फरक पडलाच नव्हता.

हे का होतं तर लेझरने कॉर्नियाचा मधला भाग सपाट केला जातो. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते, आणि प्रकाश त्या सपाट केलेल्या भागाच्या कडेतूनही आत येऊ लागतो. कॉर्नियाच्या आकारात राहिलेले बारीक दोषही तेव्हा जास्त दिसतात. दिव्याभोवती कडं, प्रकाशाचे काटे, काळ्यावर पसरलेला धूसरपणा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, तिथली राष्ट्रीय नेत्रसंस्था आणि सैन्याबरोबर प्रॉवल नावाचे अभ्यास केले, ते 2017 साली प्रसिद्ध झाले. लॅसिक ही लेझरची एक पद्धत, तिच्याआधी असला काहीच त्रास नसलेल्यांपैकी 46 टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी निदान एक तरी नवा दृष्टिदोष जाणवत असल्याचं सांगितलं. त्याच अभ्यासांत 95 टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर समाधानी होते, आणि त्रासामुळे रोजची कामं करणं फार अवघड झालेले एक टक्क्याहून कमी होते. हे दोन्ही आकडे एकत्र वाचा. समाधानी माणसालाही कडी दिसू शकतात. बँकेत काम करणाऱ्याला रात्री दिव्याभोवती कडं दिसलं तर तो दुर्लक्ष करेल. नाटकाचं नेपथ्य रंगवणारा, रात्रीचं छायाचित्रण करणारा, कोळशाने रेखाटन करणारा यांनी मात्र थांबून विचार करावा.

रंगांबद्दल मला सगळे विचारतात. रंग ओळखण्याचं काम डोळ्याच्या मागच्या पडद्यावर होतं, लेझर तिथे जातच नाही. मोतीबिंदूची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यात आतलं भिंगच पिवळट होतं. फ्रेंच चित्रकार मोने यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन 1923 साली झालं आणि त्यानंतर त्यांना सगळं निळसर दिसायला लागलं, पिवळट काचांचे चष्मे वापरावे लागले. ती भीती इथे आणू नका.

दवाखान्यात

पहिल्या ठिकाणी मी लेन्स लावूनच गेले होते, कारण फोनवर कुणी काढायला सांगितलं नव्हतं. पंधरा मिनिटांत यंत्रावर दोनदा डोळे ठेवले आणि टेबलाशी बसलेल्या मुलीने सांगितलं की तुम्ही योग्य आहात, महिनाअखेरपर्यंत सवलत आहे. डॉक्टर भेटले नाहीत. बाहुली मोठी करायचे थेंब घातले नाहीत. मी काम काय करते हे कुणी विचारलं नाही. मी तिथून निघाले, आणि तुमच्याबरोबर असं झालं तर तुम्हीही निघा. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. मऊ लेन्स किमान दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून बरेच जास्त दिवस बंद ठेवल्याशिवाय घेतलेली मापं भरवशाची नसतात.

दुसऱ्या ठिकाणी तीन तास लागले. मी पिशवीत एक सहा इंचांची न आखलेली मूर्ती, ब्रश आणि माझी वही नेली होती. डॉक्टरांनी मला तिथेच बसवून हात कसा धरते ते पाहिलं आणि अंतर मोजलं. तुमचं काम सोबत न्या, असं मी प्रत्येकाला सांगते. "मी आर्टिस्ट आहे" या वाक्यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही.

कोणत्या तपासण्या व्हायला हव्यात? कॉर्नियाचा नकाशा, ज्यात पुढचा आणि मागचा दोन्ही पृष्ठभाग दिसतात. याने केराटोकोनस कळतो, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार. तो असेल किंवा संशय जरी असेल तरी लॅसिक नको. घरात कुणाला असेल किंवा तुम्हाला डोळे चोळायची सवय असेल तर सांगा. मग जाडी. मग थेंब घालून नंबर आणि मागच्या पडद्याची तपासणी. मायनसचा डोळा लांबट असतो आणि त्याचा पडदा ताणलेला असतो. लेझरने नंबर जातो, डोळ्याची लांबी तशीच राहते, त्यामुळे पडद्याची तपासणी दरवर्षी चालूच ठेवायची.

जाडीचा हिशेब स्वतः करायला शिका. माझा उजवा कॉर्निया 528 मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पापुद्रा कापून उघडतात, ती झडप साधारण 110. एका नंबरामागे अंदाजे 12 ते 15 मायक्रॉन जातात, म्हणजे पावणेपाचला 65-70. खाली राहतात 350. निदान 250 राहिलेच पाहिजेत अशी जुनी मर्यादा आहे, आणि पुष्कळ डॉक्टर 300 च्या खाली जायला तयार नसतात. माझ्या बाबतीत जाडी आड आली नाही. पण हा हिशेब कागदावर मांडल्यावर मला एक गोष्ट आतून पटली. शाडूत हात चुकला तर ओला गोळा लावून परत लिंपता येतं. कॉर्नियावरचं काम दगडातलं आहे. गेलेला मायक्रॉन परत बसत नाही.

माझा मुद्दा अडला तो अश्रूंवर. शिर्मर म्हणून साधी तपासणी आहे, खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतात आणि पाच मिनिटांत ती किती भिजते ते बघतात. दहा मिलिमीटरच्या वर बरं मानतात. माझी उजवीकडे 7, डावीकडे 9. लेझरमध्ये कॉर्नियातले बारीक मज्जातंतू कापले जातात, डोळ्याला कोरडेपणाची जाणीव कमी होते आणि पाणी कमी सुटतं. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात सुधारतं, काहींचं राहतं. प्रॉवलमध्येही आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी 30 टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी तो जाणवत होता. आखणीची रेघ ओढताना मी श्वास धरते आणि पापणी लवू देत नाही. त्या पाच-सहा सेकंदांत कोरड्या डोळ्यावरचा पाण्याचा थर फाटला की रेघ धूसर होते. आधीच 7 मिलिमीटर असलेल्या डोळ्याने मी हा धोका घ्यावा असं डॉक्टरांनाही वाटलं नाही.

थायरॉइड, मधुमेह, संधिवातासारखा आजार, मुरमांसाठी घेतलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, गरोदरपण, अंगावरचं दूध, यातलं जे असेल ते न लपवता सांगा. नंबर वर्षभर स्थिर नसेल तर थांबा.

कुठल्या पद्धतीचं

हे डॉक्टरांनी ठरवायचं, पण तुमच्या कामाची माहिती तुम्ही द्यायची. लॅसिकमध्ये झडप उघडून खाली लेझर मारतात, दुसऱ्या दिवशी दिसायला लागतं, पण झडप असते आणि जोराचा मार लागला तर ती सरकू शकते. स्माईलमध्ये झडप नाही, बारीक छेदातून आतली चकती काढतात. पीआरकेमध्ये वरची साल काढून पृष्ठभागावरच काम होतं. भावाचा कॉर्निया 505 चा आणि त्याचं आयुष्य परांचीच्या बांबूंमध्ये, म्हणून त्याला पीआरके सुचवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी तो अंधाऱ्या खोलीत उशीत तोंड घालून पडला होता. जखमेवर पट्टी म्हणून घातलेली लेन्स पाचव्या दिवशी काढली. वाहन चालवण्याइतकं दिसायला तीन आठवडे लागले. थेंब तीन महिने, उन्हात गॉगल सक्तीचा. रात्री वडखळच्या रस्त्यावर समोरच्या दिव्यांना कडी दिसायची, ती चौथ्या महिन्यानंतर विरळ झाली. एवढे दिवस बिनकामाचे काढता येतील का, हे पैशाच्या वहीत बघून मगच तारीख घ्या. विम्याच्या भरवशावर राहू नका, साडेसातपेक्षा कमी नंबराचा खर्च आपल्याकडच्या आरोग्य विम्यात वगळलेला असतो.

तारीख पंचांग बघून घ्या, हे मी शब्दशः म्हणते. भावाने दिवाळीनंतर करून घेतलं. रंगपंचमीपर्यंत त्याच्या हातात साडेतीन महिने होते. आमच्यासारख्यांना गुलाल, पीओपीची धूळ, टर्पेंटाइनचा वास, कोळशावर मारायचा फिक्सेटिव्ह, कॉम्प्रेसर हे सगळं डोळा भरून येईपर्यंत लांब ठेवावं लागतं.

केलंत तर आधीचा नंबर, कॉर्नियाचे नकाशे आणि किती मायक्रॉन काढले त्याचा कागद आयुष्यभर जपा. पुढे मोतीबिंदू होईल तेव्हा आत कुठल्या नंबराचं भिंग बसवायचं याचा हिशेब लेझर झालेल्या डोळ्यात अवघड होतो आणि हे कागद तेव्हा लागतात. भावाचे कागद काकूने सातबाराच्या फाइलमध्ये ठेवलेत.

मी लेझरऐवजी एक वेगळी गोष्ट केली, जी आधी कुणीच सुचवली नव्हती. 50 सेंटिमीटरसाठी नंबरातून दोन वजा होतात. उजवा मायनस पावणेतीन, डावा मायनस सव्वादोन असा फक्त जलरंगाच्या कामाचा दुसरा चष्मा करून घेतला, लहान चौकटीचा, म्हणजे कडेची वाकडी रेघ नजरेत येत नाही. कपाळाचं दुखणं त्या आठवड्यातच थांबलं. आखणीला चष्मा कपाळावर, कागदाला हा, रस्त्यावर जुना. हा नवा चष्मा रंगांच्या फळीशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. गेल्या महिन्यात बाबांनी तो उचलून लावून पाहिला, समोरच्या रंगांच्या वाट्या एकेक करून निरखल्या आणि म्हणाले, "माझाही टाक असा एक." पेणच्याच दुकानात टाकायला दिलाय, गुरुवारी मिळेल.